आधी बातमी, मग भरीत

भास्करकाका झाकलेलं पातेलं घेऊन दारात उभे दिसले, की आमच्या काउंटीतल्या माणसाचा चेहरा उतरायचा. पातेल्यात वांग्याचं भरीत असायचं. भरीत फर्मास असायचं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण ते कधी सुखासुखी यायचं नाही. यंदा तुमचा रस्ता डांबरी होणार नाही, तुमच्या तळ्याकाठच्या घराचा कर वाढलाय, तुमच्या शेताचा कोपरा रुंदीकरणात जाणार, असलं काहीतरी त्याच्यासोबत दारात यायचं. एकदा शेजारच्या पोराला मुलगी झाली म्हणून काका हौसेने भरीत घेऊन गेले. त्या बिचाऱ्याने दार उघडलं, पातेलं पाहिलं आणि विचारलं, "आता आमचं काय गेलं?" तेव्हापासून चांगल्या बातमीला सुमनकाकूंचे बेसनाचे लाडू आणि वाईट बातमीला भरीत, अशी वाटणीच झाली.

काका आमच्या काउंटी बोर्डाचे अध्यक्ष होते. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच, आणि अध्यक्ष म्हणजे जिल्हा परिषदेच्या अध्यक्षासारखं समजा, फक्त लाल दिवा नाही, मागे धावणारी माणसं नाहीत आणि हार तर नाहीतच. व्हाइट बर्च काउंटी मिनेसोटाच्या पार उत्तरेला, पुढे कॅनडा. तळी, जंगल, बर्फ, आणि मधूनमधून माणसं. अशा ठिकाणी यावल तालुक्यातला एक पाटील निवडून कसा येतो, हे मला विचारू नका, मी त्यांनाच विचारलं होतं. म्हणाले, "पोरी, मी दोन्हीकडे उत्तरेचाच. खानदेश महाराष्ट्राच्या उत्तरेला, हे मिनेसोटाच्या. उत्तरेकडची माणसं एकसारखीच असतात. बोलत नाहीत, पण ध्यानात ठेवतात."

मी तिथे पोचले २००३ मध्ये. तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे दिवस वाईट होते. माझ्याबरोबरची अर्धी मंडळी अल्फारेटा, प्लेनो असल्या आयटीवाल्या अमेरिकन गावांतून बॅगा भरून नागपूर-पुण्याला परत गेली होती. मला मात्र या काउंटीच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी मिळाली, कारण तिथे यायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. पहिल्या दिवशी मी तीन स्वेटर घालून टेबलाशी बसले होते, तर बर्फाने भरलेले बूट आपटत एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ आत आले आणि थेट मराठीत म्हणाले, "कुठली?"

मी उडालेच. म्हटलं, "नागपूर."

"म्हणजे भरतात टोमॅटो घालणारे."

बाप्पा! घरापासून इतक्या लांब आले, महिनाभरात कुणाच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं, आणि पहिलं काय ऐकलं तर हे! मीही म्हटलं, "घालतो. त्यात काय बिघडलं?"

"बिघडलं काही नाही. फक्त त्याला भरीत म्हणू नये. भाजी म्हणावं," एवढं बोलून ते निघून गेले. संध्याकाळी काकूंचा फोन आला की रविवारी जेवायला ये, हे फार बोलले असतील तर मनावर घेऊ नकोस. मी मनावर घेतलं नाही. त्यानंतरचे बहुतेक सगळे रविवार मी त्यांच्या स्वयंपाकघरात काढले.

काका शिकायला म्हणून अमेरिकेत आले ते साठच्या दशकात. मग याच काउंटीत रस्त्यांचे इंजिनियर झाले, निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले, आणि निवृत्त झाल्यावर लोकांनी त्यांना बोर्डावर निवडून दिलं. दारात जाऊन बातमी सांगायची पद्धत इंजिनियर असतानाची. पहिल्याच वर्षी त्यांनी एका शेतकऱ्याला रीतसर पत्र पाठवलं होतं की तुमच्या जमिनीची पट्टी रस्त्यासाठी घेतली जाईल. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात तो शेतकरी भेटला. ओरडला नाही, भांडला नाही. एवढंच म्हणाला, "तू माझ्या घरावरून रोज जातोस. थांबता आलं नाही?"

काका ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे थांबायचे आणि कपाळावर हात मारायचे. "माझ्या बापाने असं केलं असतं का? गावात कुणाचा बांध सरकवायचा तरी बाप आधी त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा."

झालं, त्या दिवसापासून पत्र नंतर, आधी माणूस. आता कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही हे आईने शिकवलेलं. थंडीत शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजायची आणि लाकडी काथवटीत ठेचून भरीत करायचं, एवढा एकच पदार्थ त्यांना येत होता. म्हणून भरीत.

पण त्याचाही नियम होता. दारात उभं राहून आधी बातमी सांगायची. समोरच्याला जे बोलायचं ते बोलू द्यायचं. त्याने आत ये म्हटलं, तरच पातेलं उघडायचं. एकदा मी विचारलं, "काका, काहून असं? आधी खाऊ घातलं तर माणूस जरा नरम पडेल ना."

"तेच तर नको," ते म्हणाले. "आधी बातमी, मग भरीत. उलटं केलं तर ती लाच झाली."

वांगी घरचीच. अंगणाच्या दक्षिणेला त्यांनी काचेची एक खोली बांधली होती, आणि यावलकडचं ते फिकट हिरवं, मोठं वांगं तिथे वर्षानुवर्षं बी धरून वाढवलं होतं. मिनेसोटाचा उन्हाळा म्हणजे डोळा मिटून उघडेपर्यंत संपतो. तेवढ्यात जेवढी वांगी निघतील तेवढी अंगणात भाजून, गर पिशव्यांत भरून गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये ठेवायचा. काकू म्हणायच्या, "बाकी लोक पेपर वाचून सांगतात काउंटीचं कसं चाललंय. मी फ्रीझर उघडून सांगते. मार्चमध्येच रिकामा झाला, की समजावं वर्ष वाईट गेलं."

काकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण निम्मी काउंटी खरं तर त्याच चालवायच्या. काकांचा घरचा फोन डिरेक्टरीत होता. सकाळी बर्फ पडला की फोन सुरू. आमच्या गल्लीत बर्फ ढकलणारा प्लाऊ आला नाही. प्लाऊने माझी पत्रपेटी उडवली. बीव्हर, म्हणजे ते नदीतलं धरणं बांधणारं जनावर, त्याने रस्त्याखालच्या मोरीत काड्या घालून पाणी तुंबवलंय, रस्त्यावर तळं झालंय. काका बाहेर, आणि फोनवर काकू. चाळीसगावच्या बाई, इंग्रजी कामापुरतं, पण हिंमत दांडगी. "प्लाऊ येतोय," त्या ठणकावून सांगायच्या. "तुमचा चहा-कॉफी झाला का? नाही? मग आधी तो घ्या, तोवर येईलच." आणि खरंच यायचा. काका म्हणायचे, "निवडणुकीला मी उभा राहतो, पण मतं हिची."

काकांना एक गोष्ट अजिबात जमायची नाही, ती म्हणजे गाडी चालवणं. नजर पुढच्या गाड्यांवर नाही, रस्त्यावर. हा खड्डा नवीन, इथली खडी निसटली, इथे उताराला पाणी साचतं, असं बोलत बोलत दोनदा चारीत गेले. दुसऱ्यांदा शेरीफनेच बाहेर काढलं आणि काकूंना फोन करून विनंती केली की यांच्या हातात चाक देऊ नका. मग शनिवारी ती ड्यूटी माझ्याकडे आली. मी ड्राइव्ह करायचे, काका शेजारी, आणि पातेलं काकांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं. त्या भरताच्या वासाने माझी गाडी शेवटपर्यंत सोडली नाही. विकताना घेणाऱ्याने विचारलंसुद्धा.

शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूला एकदा आम्ही तिघं सामान आणायला गेलो. काकू साड्यांच्या दुकानात, मी मसाल्यांच्या. बाहेर येऊन बघते तर काका भर रस्त्यात उकिडवे बसून एका खड्ड्यात बोट घालून बघताहेत आणि मागे बस हॉर्न वाजवतेय. ड्रायव्हर उतरून भांडायला आला, तर काकांनी त्यालाच समजावलं की हा खड्डा वरवर बुजवलाय, खालचा थर तसाच आहे, पुढच्या थंडीत तुझ्या बसचं चाक यातच जाणार. ड्रायव्हर हतबुद्ध होऊन ऐकत होता. काकू साडीची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही आपली काउंटी नाही. उठा."

आणि मराठी मंडळाच्या गणपतीतलं ते भाषण! मोठ्या शहरातल्या मंडळाने काकांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. हॉलमध्ये सगळी पुण्या-मुंबईची आयटी मंडळी, सिल्कचे कुर्ते, पैठण्या. मराठी माणसाने अमेरिकेत केवढी झेप घेतली वगैरे ऐकायला सगळे सरसावून बसले होते. काका उभे राहिले आणि मोऱ्यांवर बोलले. रस्त्याखालून पाणी जाण्याची मोरी किती रुंद हवी, का हवी, ती तुंबली की काय होतं. बोलतच राहिले. पोरं इंग्रजीत कुजबुजायला लागली, पहिल्या रांगेतला एक जण चक्क घोरला. शेवटी सूत्रसंचालक मुलीने घाईने विचारलं, "सर, पण तुम्ही अमेरिकन राजकारणात पुढे कसे आलात? तुमचं सीक्रेट काय?"

"बर्फ काढला," काका म्हणाले आणि खाली बसले.

परतताना गाडीत खूप खूश होते. म्हणाले, "छान झालं ना गं भाषण?" मी म्हटलं, "फारच." काकू मागच्या सीटवर पदर तोंडाला लावून हसत होत्या.

असे ते दिवस. मिलिंदशी माझं लग्न झालं, तो प्लेनोत, मी उत्तरेत. ग्रीन कार्डाचा अर्ज काउंटीने केलेला, मधेच नोकरी सोडली तर सगळं पहिल्यापासून. मिलिंद फोनवर विचारायचा, "येतेस कधी यार?" आणि मी म्हणायचे, येते, येते. खरं सांगू? मला तिथे बरं वाटत होतं. परक्या मुलखात आपलं म्हणावं असं एक स्वयंपाकघर मिळालं होतं, ते सोडवत नव्हतं.

मग २००६चा ऑक्टोबर आला. निवडणूक नोव्हेंबरच्या सुरुवातीला. काका पुन्हा उभे होते, आणि या वेळी समोर एक तरुण, देखणा, लाकडाच्या धंद्यातला माणूस होता. तरी काका येणार असंच सगळे धरून चालले होते. बोर्डावर अजून एकदा जायचं त्यांच्या फार मनात होतं. तसं बोलून दाखवायचे नाहीत, पण वृद्धाश्रमाची नवी इमारत त्यांना आपल्या कारकिर्दीत उभी राहिलेली बघायची होती. तिचा नकाशा जेवणाच्या टेबलावर काचेखाली घालून ठेवला होता. आम्ही जेवायचो ते त्या नकाशावर ताटं ठेवून.

त्याच महिन्यात नव्या इंजिनियरने बोर्डाला सांगितलं की नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाचं काही खरं दिसत नाही. नदीपलीकडे काकांच्याच मतदारसंघातली एक वस्ती होती, थोडीशी घरं, गाईगुरं, एक चर्च. गावात यायचा त्यांचा जवळचा रस्ता हाच. पूल बंद झाला तर जंगलातून मोठा वळसा घालून यायचं, तोही बर्फात. काकांनी स्वतः तो पूल वर्षानुवर्षं सांभाळला होता, रंगवून घेतला होता, सुटे भाग बदलले होते. शनिवारी मला म्हणाले, "चल, हातोडी घे."

मी काठावर उभी राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस दोरी धरून पुलाखाली उतरला, आणि टण टण आवाज यायला लागला. बराच वेळ. मग एका ठिकाणी आवाज बदलला, मलासुद्धा कळला, काहीतरी पोकळ, ओलं. काका तिथे पुन्हा पुन्हा मारत राहिले. वर आले तेव्हा हात गंजाने लाल झाले होते. "बंद," एवढंच म्हणाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "माझ्या हातचा होता गं."

बोर्डाच्या बैठकीत मी कॉम्प्युटर लावायला हजर होते. बाकीचे सदस्य काकांचे मित्रच. त्यांनी परोपरीने सांगितलं, जड वाहनांना बंदीचा बोर्ड लावू, निवडणूक होऊ दे, मग बंद करू. तीन-चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे. तुझ्याच मतदारांचा पूल आहे, भास्कर, तूच पायावर धोंडा काय पाडून घेतोस?

काका म्हणाले, "पूल निवडणुकीची तारीख बघून पडतो का?"

ठराव झाला. सोमवारी पूल बंद.

आता शनिवारी दारोदार जाऊन सांगायचं होतं. मी सकाळीच पोचले तर काकूंनी फ्रीझरमधून पिशव्या काढून ठेवलेल्या, मोठं पातेलं घासून ठेवलेलं. तेवढ्यात काउंटीच्या वकिलाचा फोन. वकील बिचारा भला माणूस, पण वकीलच. म्हणाला, भास्कर, मतदानाच्या तोंडावर उमेदवाराने मतदारांना घरोघर खायला घातलं तर कायद्यात अडचण आहे. समोरचा तक्रार करेल. एरवी घेऊन जा, या वेळी नको.

काकू उसळल्याच. "वांग्याच्या भरताने कुणी मत देतं का? तेही वाईट बातमीबरोबर? अहो, उलट मत जाईल!"

पण काकांनी फोन ठेवला आणि पिशव्या पुन्हा फ्रीझरमध्ये नेऊन ठेवल्या. "तो बरोबर बोलतोय," म्हणाले. "मीच म्हणतो ना, लाच नको." आणि तसेच निघाले. गाडीत त्यांना हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. मांडीवर पातेलं नाही, टॉवेल नाही. सारखे हात चोळत होते. मला इतकं वाईट वाटलं की मी रेडिओ लावला.

पलीकडच्या प्रत्येक दारात काकांनी तेच सांगितलं. पूल सोमवारपासून बंद. नवा बांधायला दीड-दोन वर्षं लागतील. मी स्वतः तपासलाय. लोक ओरडले नाहीत. तिथे कुणी ओरडतच नाही, ते जास्त जड जातं. ऐकून घेत होते आणि दार लावून घेत होते. शेवटचं घर एल्साचं. एल्सा काकांच्याच वयाची, उंच, हाडापेराने मजबूत. नवरा कार्ल आजारी, दिवसाआड त्याला डायलिसिसला गावात न्यावं लागायचं, आणि गाडी एल्साच चालवायची. काकांची ती जुनी ओळखीची. भरीत तिने दोनदा खाल्लं होतं, एकदा कर वाढला तेव्हा आणि एकदा गोठ्यामागची जागा चारीत गेली तेव्हा.

तिने दार उघडलं, काकांच्या हातांकडे पाहिलं आणि जराशी हसली. "रिकामा आलास. म्हणजे चांगली बातमी दिसते."

काकांनी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि तुझं भांडं कुठे?"

"निवडणूक आहे. आणता येत नाही."

"म्हणजे नुसती वाईट बातमीच घेऊन आलास."

"हो," काका म्हणाले.

आत कार्ल खोकत होता. "बर्फात कार्लला घेऊन मी त्या जंगलातून जायचं," ती म्हणाली, प्रश्न नव्हता तो. काका म्हणाले, "प्लाऊ आधी तुमच्या वळणावर येईल, सगळ्यांत आधी, याची व्यवस्था केलीय." तिने मान हलवली आणि दार लावलं. हळूच लावलं. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं.

काका हरले. थोडक्यात हरले, पण हरले, आणि हरले ते त्या पलीकडच्या वस्तीच्या मतांनी. बाकी ठिकाणी ते पुढे होते.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून सकाळीच त्यांच्याकडे गेले. काका स्वयंपाकघरात बसले होते, समोर काचेखाली वृद्धाश्रमाचा नकाशा. फोन गप्प होता. एवढ्या वर्षांत त्या घरात एवढी शांतता मी ऐकली नव्हती. काकूंनी पोहे केले होते, कुणी खात नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काका, लोकांना कळत नाही हो." तर माझ्यावरच डाफरले. "लोकांना सगळं कळतं. त्यांच्या बाया बर्फात गाड्या चालवणार आहेत. राग येऊ नये का त्यांना?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. मी उघडलं. एल्सा उभी होती, त्या जंगलातल्या वळशाने गाडी चालवत आलेली. हातात ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकलेला काचेचा ट्रे. मला म्हणाली, "त्याला बोलाव." आत यायला तयार नव्हती.

काका दारात आले. एल्साने घसा साफ केला. शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहिली ती.

"मी तुझ्या विरुद्ध मत दिलं," ती म्हणाली. "आमच्या बाजूच्या सगळ्यांनीच दिलं. पूल बंद करायला हवा होता, ते आम्हाला माहीत आहे. तरी दिलं. राग आला होता. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी येऊन सांगावं असं वाटलं." मग ट्रे पुढे केला. "निवडणूक झाली आता. वकिलाला हरकत नसेल."

काका त्या ट्रेकडे बघत राहिले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ते रडले नाहीत, पण चष्मा काढून पुसायला लागले आणि पुसतच राहिले. शेवटी काकूच मागून म्हणाल्या, "अहो, आत या म्हणा ना तिला!"

"ये," काका म्हणाले. "आत ये."

ट्रे उघडला. वांगंच होतं. म्हणजे असावं. वर चीझचा जाड थर, त्यावर बटाट्याचे तळलेले गोळे, आणि खाली, हाय रे देवा, टोमॅटो, भरपूर टोमॅटो. मी काकांकडे बघितलं. काकांनी ताट पुढे केलं, खाल्लं, आणि पुन्हा वाढून घेतलं. एल्साने विचारलं, "तुझ्यासारखं झालंय?" काका म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगलं." आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला मी खोटं बोलताना ऐकलं, आणि तेही इतक्या गंभीर चेहऱ्याने की काकूंना ठसका लागला.

ती गेल्यावर काका बराच वेळ खिडकीशी उभे होते. मला वाटलं आता पुन्हा उदास होतील. तर वळले ते हसतच. "बघितलंस? दारात उभी राहिली. आधी बातमी सांगितली. आत ये म्हटल्याशिवाय ट्रे उघडला नाही." आणि हात चोळत म्हणाले, "इतकी वर्षं काम केलं, ते वाया नाही गेलं गं."

हरलेला माणूस इतका खूश मी दुसरा पाहिला नाही.

दोन आठवडे फोन गप्प राहिला. मग पहिला मोठा बर्फ पडला आणि सकाळी फोन वाजला. नव्या सदस्याचा नंबर डिरेक्टरीत नव्हता, काकांचा होता. काकूंनी फोन उचलला आणि ठणकावून सांगितलं, "प्लाऊ येतोय. कॉफी घेतली का?" मग काकांनी प्लाऊच्या ऑफिसात फोन केला, मुकाट्याने आला प्लाऊ. अध्यक्ष कोण आहे याच्याशी बर्फाला काय करायचंय? पुढे पुढे तर नवा सदस्यच शनिवारी काकांकडे येऊन बसायला लागला. काका त्याला मोऱ्या समजावून सांगायचे. तो घोरायचा नाही, हे विशेष.

नवा पूल २००८च्या उन्हाळ्यात झाला. फीत कापायला बोर्डाची मंडळी होती. काका गर्दीत मागे उभे. फीत कापल्यावर पहिली गाडी एल्साची गेली, शेजारी कार्ल. काका तिच्याकडे बघतच नव्हते, पुलाच्या जोडाकडे बघत होते. वृद्धाश्रमाचा पायाही त्याच वर्षी घातला गेला, आणि नकाशा अजून टेबलावर काचेखालीच होता.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी माझं ग्रीन कार्ड आलं. मिलिंदने प्लेनोत घर बघून ठेवलं. मोठं घर, मागे अंगण, जवळच मराठी मंडळी. आनंदाचीच गोष्ट की. पण काका-काकूंना सांगायचं कसं, या विचाराने मला आठवडाभर जेवण गेलं नाही. फोनवर सांगायचं? छे! ऑफिसातून त्यांना कळलं तर? तेही नको.

शेवटी शनिवारी त्यांच्याच काचेच्या खोलीतली वांगी, जी काकूंनी आदल्या रविवारी मला दिली होती, ती माझ्या अंगणात भाजली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. टोमॅटोला हात लावला नाही. पातेलं टॉवेलात गुंडाळलं, शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावला आणि निघाले. वाटेत दहादा पाठ केलं. दारात उभं राहायचं. आधी सांगायचं. काका, मी चालले. दिवाळीनंतर नाही, पुढच्या महिन्यातच.

दार काकांनी उघडलं. हातात माती होती, बागेतून आले असावेत. मला बघून हसले. मग त्यांची नजर खाली आली, पातेल्यावर. टॉवेल त्यांचाच होता, कधीतरी माझ्या गाडीत राहिलेला.

मी तोंड उघडलं. "काका, मी..."

काकांनी मातीचा हात वर केला आणि मला थांबवलं. मग दारातून बाजूला सरले.

"आत ये," म्हणाले. "आज आधी जेवू."